उदाहरण तिसरे: गाभण गाय

मी नेमकं काय काम करते हे आईला समजावून सांगायचा नाद मी कधीच सोडला होता. तिने मात्र आपल्यापुरता उलगडा करून घेतला होता. गल्लीत कुणी विचारलं की ती सांगायची, "ती काम्प्युटरच्या याद्या करती." आणि हे इतकं बरोबर होतं की मला चिडायचीही सोय नव्हती. लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं बसून याद्या करतात. मांडव कुणाचा, मानपान कुणाचा, वरातीची गाडी कुणी आणायची, हे सगळं कागदावर उतरवून सह्या करतात, म्हणजे ऐन मांडवात कुणी रुसून बसू नये. सॉफ्टवेअर बनायच्या आधी मी तेच करायचे. ज्यांना ते हवंय त्यांच्याकडे जाऊन बसायचं, काय हवं ते विचारायचं, असं झालं तर काय आणि तसं झालं तर काय हे खोदून खोदून विचारायचं, आणि सगळं साध्या वाक्यांत लिहून त्यावर त्यांची सही घ्यायची. आमच्या ऑफिसात याला फंक्शनल स्पेसिफिकेशन म्हणत, लाडाने स्पेक. सही झाली की प्रोग्रॅम लिहिणारे कामाला लागत.

मी पुण्यात एका लहानशा कंपनीत होते. एकदा साहेबांनी बोलावून सांगितलं की बीड जिल्ह्यातल्या एका सहकारी दूध संस्थेचं काम आलंय. संस्थेचं नाव वाचलं आणि मी हसले. दिंद्रुडच्या पुढचं आमचं गाव, आणि गावातलीच ती संस्था. आसपासच्या गावांचं आणि वस्त्यांचं दूध तिथेच जमा व्हायचं. माझी आई तिची सभासद होती. हे मी साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग उत्तमच. तुला त्यांची भाषा समजेल." पुण्यातल्या माणसांना वाटतं की मराठवाड्यात जाताना दुभाषा न्यावा लागतो. मी तिकीट काढलं.

ते दुष्काळाचं वर्ष होतं, आणि त्याच्या आधीचंही दुष्काळाचंच. परळी स्टेशनवर उतरले तेव्हा औष्णिक केंद्राच्या चिमण्या नुसत्या उभ्या होत्या. पाणीच नव्हतं, तर धूर कुठला निघणार? लहानपणी परळीत मावशीकडे राहायला गेलं की वाळत घातलेल्या धुण्यावर राख बसायची आणि मावशी दिवसभर शिव्या घालायची. त्या दिवशी आभाळ अगदी धुतल्यासारखं स्वच्छ होतं आणि ते बघून मला वाईट वाटलं. पुढे एसटीने दिंद्रुडपर्यंत आणि तिथून जीपने गावात. वाटेत उसाच्या जागी काळी उघडी रानं होती, आणि टँकरमागे घागरींची रांग.

आई दारातच होती. गोठ्यात गाय होती. आमची गाय म्हणजे धड जर्सी नव्हती, धड गावरान नव्हती; पण वडील गेल्यानंतर आईने तिच्याच दुधावर घर चालवलं होतं आणि माझ्या शिक्षणाची शेवटची वर्षंही त्यातूनच निघाली होती. आता ती गाभण होती आणि आटली होती. चाऱ्याच्या टंचाईने जरा लवकरच आटली होती. बरगड्या दिसत होत्या, पोट मात्र भरलेलं. जनावरांच्या बाजाराचा व्यापारी दोनदा येऊन गेला, असं आईने सांगितलं.

"दे की विकून," मी म्हटलं. "आणि चल माझ्याबरोबर पुण्याला."

"पुण्याला येऊन काय करू? तुज्या तिसऱ्या मजल्यावरनं रस्ता बघत बसू?" आई म्हणाली. "संस्थेचा चारा येणार हाय म्हणतेत. तेवढ्यावर ती तग धरती बघ पावसाळ्यापतूर. व्याली की मग काय चिंता न्हाई."

तर असं होतं सगळं. संस्थेचा चारा मिळाला तर गाय राहणार होती, नाही तर व्यापारी तिसऱ्यांदा येणार होता.

आणि माझं काम नेमकं त्या चाऱ्याचंच होतं. संस्था लांबून, कॅनॉलच्या पट्ट्यातून उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याचा पाला, आणि मुरवलेला हिरवा चारा, म्हणजे मुरघास, आणून सभासदांना वाटणार होती. आदल्या वर्षी हे वाटप तोंडं बघून झालं आणि गावागावात भांडणं लागली. म्हणून यंदा वाटप काम्प्युटरने करायचं असं चेअरमननी ठरवलं होतं. चेअरमनना सगळे अण्णा म्हणत. माणूस कडक, पण दुधात पाणी आणि हिशेबात घोळ या दोन गोष्टी त्यांनी कधी चालवून घेतल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी मी संस्थेत गेले तर दुधातलं फॅट मोजायच्या मशीनच्या बाजूच्या टेबलावर ते माझी वाटच बघत बसले होते.

"लिही," ते म्हणाले. "एकच नियम हाय. दूध तेवढा चारा."

मी लिहिलं. मग माझ्या सवयीने विचारायला सुरुवात केली. दूध म्हणजे रोजचं की आठवड्याचं? एखाद्या दिवशी दूध नासलं तर? सभासद गावाला गेला तर? अण्णा एकेकाचं उत्तर देत होते. सुरुवातीला मजेत होते, नंतर नंतर कंटाळले.

"आणि जनावर आटलेलं असलं तर?"

"तर काय?"

"दूध नाही, म्हणजे चाराही नाही?"

"मग भाकड जनावराला चारा घालून काय करायचं? दावणीला बांधून पुजायचं का?" अण्णा म्हणाले. "मागल्या साली हॉटेलाला दूध घालणारे बी चाऱ्याला सगळ्यांत पुढं हुते. आता काम्प्युटरला तोंड दिसत न्हाई. दूध दिसतंय. संपलं."

त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. पण आटलेल्यांत गाभणीही आल्या. गाभण गायीला यंदा उपाशी ठेवलं, तर पुढल्या वर्षी या संस्थेत दूध कुठून येणार? मी ते बोलले. जरा जोरातच बोलले असेन, कारण माझा आवाज तसाही हळू नाही. अण्णांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं.

"तुज्या आईची गाय आटली हाय, न्हाई का?"

मी मान हलवून हो म्हटलं.

"म्हणून बोलतीस तू. कंपनीनं तुला आईच्या गायीसाठी पाठवलंय का आमच्या संस्थेसाठी?"

बाजूला कॅन मोजणारा माणूस आणि कारकून दोघंही खाली बघायला लागले. मला इतका राग आला की कान तापले. पण गाय खरंच आईची होती. मी आणखी एक वाक्य बोलले असते तर तेही गायीसाठीच धरलं गेलं असतं. मी पेन उचलून पुढचा प्रश्न विचारला.

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "क्लायंट सांगेल ते लिहायचं. मत द्यायचं, दिलंस. आता सही घे आणि ये." तेही काही चुकीचं बोलत नव्हते. त्या दिवशी सगळेच आपापल्या जागी बरोबर होते आणि गाय तेवढी उपाशी राहणार होती.

घरी आले तर आईने विचारलं, "काय म्हणला चेअरमन?"

"काही नाही," मी म्हटलं.

ती भाकरी थापत राहिली.

पुढचे काही दिवस मी स्पेक लिहीत बसले. माझी एक पद्धत होती, आणि ती मी कुणासाठीही बदलत नसे. नुसता नियम लिहायचा नाही. प्रत्येक नियमाखाली उदाहरणं द्यायची. नियम वाचताना माणूस मान डोलावतो, उदाहरण वाचताना त्याला डोळ्यांपुढे काहीतरी दिसतं. 'दूध तेवढा चारा' या नियमाखाली मी तीन उदाहरणं लिहिली. पहिलं, दोन दुभत्या गायी असलेला सभासद. दुसरं, जिचं दूध मध्येच कमी झालं अशी म्हैस. तिसरं, एक गाय, गाभण, आटलेली. दूध शून्य, चारा शून्य. यात मी काही घुसडलं नव्हतं. अण्णांनी सांगितलेलाच नियम होता, तो फक्त शेवटपर्यंत नेला होता. कागद अण्णांकडे दिले. त्यांनी पानं उलटली, कोपरे सारखे केले आणि म्हणाले, "रविवारी सभा हाय. तिथं वाच. सभेत मंजूर झालं की मी सही करतो."

आता आमच्याकडच्या सभेविषयी सांगायला हवं, नाही तर पुढचं कळणार नाही. सहकारी संस्थेच्या सर्वसाधारण सभेत विषय वाचणारा वाचत असतो आणि ऐकणारे ऐकत नसतात. वाचणाऱ्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की सगळी मंडळी एका सुरात ओरडते, "मंजूर! मंजूर!" पुढच्या विषयाला पुन्हा मंजूर. असं करत अर्ध्या तासात सगळा वर्षाचा कारभार मंजूर होतो, कारण मागे चहाची किटली आणि भज्यांची परात आलेली असते. भजी निवेपर्यंत चाललेली सभा आमच्याकडे कुणाच्या आठवणीत नाही. एका वर्षी तर दिवंगत सभासदांना श्रद्धांजलीचा ठराव वाचायला घेतला होता. कारकुनाने "आपल्या संस्थेचे ज्येष्ठ सभासद यांचे दुःखद निधन" एवढं म्हटलं आणि सभा गरजली, "मंजूर!" त्या म्हाताऱ्याचा मुलगा तिथेच बसला होता. तोही सवयीने ओरडला, असं अजून सांगतात.

रविवारी सभा संस्थेच्या गोडाऊनमध्ये भरली. चारा अजून यायचा होता, त्यामुळे गोडाऊन रिकामंच होतं. सतरंज्या घातल्या होत्या. पुरुष पुढे, बाया एका अंगाला. आई भिंतीला टेकून बसली होती, इस्त्रीची साडी नेसून. तिने आजवर कधी माझं काम बघितलं नव्हतं. मी माईकपुढे उभी राहिले तेव्हा तिने शेजारणीला कोपराने ढोसलेलं मला दिसलं.

मी वाचायला लागले. प्रस्तावना मंजूर. व्याख्या मंजूर. सभासदाची नोंद कशी करायची, मंजूर. काम्प्युटर बंद पडला तर काय करायचं, ते तर मी तोंड उघडायच्या आत मंजूर झालं. माझी चिडचिड व्हायला लागली. एवढं घासून लिहिलेलं काम, एकेका वाक्यावर मी डोकं शिणवलेलं, आणि ही माणसं भज्यांच्या वासावर अंगठा उठवत होती. मी मुद्दाम सावकाश वाचायला लागले. 'दूध तेवढा चारा' हा नियम आला, जोरात मंजूर झाला, दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. अण्णांनी मान हलवली. पहिलं उदाहरण, मंजूर. दुसरं उदाहरण, मंजूर.

"उदाहरण तिसरे," मी वाचलं. "सभासदाकडे एक गाय आहे. गाय गाभण आहे आणि आटलेली आहे. संस्थेत घातलेले दूध शून्य. मिळणारा चारा शून्य."

"मंजूर!"

या वेळी सगळ्यांत वरचा आवाज माझ्या आईचा होता.

बाकीच्यांचा सूर विरल्यावरही तो राहिला, कारण बायकांच्या बाजूने सहसा कुणी एवढ्या मोठ्याने ओरडत नाही. पुढे बसलेली माणसं वळून बघायला लागली. आमच्या गल्लीतले एक म्हातारे होते, तात्या. त्यांना कमी दिसायचं पण ऐकू चांगलं यायचं. ते उठून उभे राहिले आणि काठी आईकडे रोखून म्हणाले, "अगं बाई, तुजीच गाय आटली हाय की! काय मंजूर करून बसलीस?"

गोडाऊनमध्ये हशा पिकला. आई मान खाली घालून बसली. मला त्या हसण्याचा संताप आला, माईकमध्ये काहीतरी बोलावं असं वाटलं. पण तेवढ्यात हसणं आपोआप थांबायला लागलं. माणसं शेजारच्याला विचारायला लागली. "म्हंजी, आटलेल्याला काईच न्हाई का?" "माजी म्हैस बी आटलीय की बे." "आन् कालवडी? त्यांचं काय?" बायकांच्या बाजूने एक आवाज आला, "परत वाचा ओ बाई ते."

माझ्या सगळ्या नोकरीत मला कुणी असं म्हटलं नव्हतं. मी परत वाचलं. या वेळी कुणी मंजूर म्हटलं नाही.

मग जे भांडण जुंपलं ते भजी गार होऊन तेल सुटेपर्यंत चाललं. ज्याच्याकडे सगळ्यांत जास्त दुभती जनावरं होती तो शेतकरी तावातावाने उठला. "मग आमी दूध घालतो त्यो काय गुन्हा हाय का? आमच्या वाट्याचं भाकडाला कावून?"

"तुज्या गायी काय जन्मभर दूध देनार हायेत का बे?" तात्या म्हणाले. "उंद्या आटल्या की तू बी ह्याच रांगेत."

"आन् समदेच म्हनतील आमची गाभण हाय. कोन बघनार?"

"जनावराचा डॉक्टर बघंल. त्याला पगार कशाचा भेटतो?"

अण्णा माझ्याकडे बघत नव्हते, सभेकडेही बघत नव्हते. हातातल्या चष्म्याची काडी उघडझाप करत होते. मला वाटलं, आता हे सभा बरखास्त करतील. त्यांना ते सहज जमलं असतं. मग ते उठले आणि भांडणारे खाली बसले.

"तोंड बघून वाटायचं न्हाई, एवढंच मला पायजे हुतं," ते म्हणाले. "मी तोंड झाकाया गेलो आन् जनावराचं पोट बी झाकलं. पोरी, त्यो नियम खोड. नवा लिही. हितंच लिही, समद्यांपुढं."

मी सतरंजीवरच मांडी घालून बसले आणि लिहायला घेतलं. प्रत्येक नोंदलेल्या जनावराला जगण्यापुरता चारा. त्याच्यावर जो शिल्लक राहील तो दुधाप्रमाणे. गाभण असल्याचं डॉक्टरने सांगायचं. एकदा गाभण नोंदलं की वासरू होईपर्यंत दाणापेंडही. एकेक वाक्य लिहिलं की वाचून दाखवायचं, आणि लोक म्हणायचे, थांब, परत वाच. कुणी म्हणायचं, बैलांचं लिहिलंच नाहीस. बैल कुणाच्याच ध्यानात नव्हते, माझ्याही नाही. ते लिहिले. मला त्या दुपारी इतका आनंद झाला होता की तहान लागल्याचंही कळलं नाही. पुण्यात काचेच्या खोल्यांत बसून मी ज्या गोष्टीसाठी लोकांच्या मिनतवाऱ्या करायचे, ती इथे घामाच्या वासात, एकमेकांवर ओरडत, सतरंजीवर होत होती. शेवटी अण्णांनी विचारलं, "मंजूर का?" आणि सभा ओरडायच्या आधी क्षणभर थांबली. तो थांबलेला क्षण मला अजून आठवतो.

अण्णांनी सही केली. मला म्हणाले, "तू लई बोलतीस. पर लिहितीस बरं." आमच्याकडे याहून मोठं कौतुक नाही. साहेबांना फोन केला तर ते म्हणाले, "ऐन सभेत नियम बदलला? मग सही?" मी म्हटलं, "आता झाली ती खरी सही."

भजी कुणीच टाकली नाहीत. गार भजी खात लोक गेले. जाताना आईची थट्टा करत गेले. काही दिवस तर तिला गल्लीत "मंजूरबाई" अशी हाक मारायचे. मीही त्यात होते. फोनवर तिने काहीही सांगितलं की मी म्हणायचे, "मंजूर, मंजूर." ती हसायची. सभेत ती काही ऐकतच नव्हती, लेक माईकवर बोलतेय म्हणून नुसती कौतुकाने बघत बसली होती आणि चारचौघांबरोबर ओरडली, असं माझ्यासकट सगळ्या गावाने ठरवून टाकलं होतं. तिनेही कधी खोडून काढलं नाही.

सॉफ्टवेअर झालं, चालू झालं. दोनदा रुसलं, तेही मांडवातल्या रुसण्याइतकंच. संस्थेची चिठ्ठी घेऊन आई चारा आणायची आणि मला फोनवर सांगायची की आज वाढे हिरवे होते, आज वाळलेले. व्यापारी तिसऱ्यांदा आला आणि रिकामा परत गेला. पावसाळ्याच्या तोंडाला गाय व्याली. कालवड झाली. मी सुट्टी काढून गेले.

आईने खरवस केला होता. आम्ही गोठ्याशेजारच्या दगडावर बसलो होतो आणि कालवड माझ्या आईच्या पायांत धडपडत होती. ताटलीतली पहिली वडी तोंडात टाकून मी म्हटलं, "बघ, तुझं चाललं असतं तर आज हा खरवस नसता. शून्य चारा मंजूर करून बसली होतीस. ऐकायचं तरी काय वाचतात ते."

"ऐकलं हुतं की," आई म्हणाली.

"काय ऐकलं होतंस?"

"एक गाय. गाभण हाय, आटलेली हाय. दूध शून्य, चारा शून्य." तिने ते माझ्याच चालीवर म्हणून दाखवलं.

"मग मंजूर कावून म्हणलीस?" माझ्या तोंडून आमच्याच बोलीत निघालं.

ती कालवडीच्या अंगावरचं गवत काढत होती. "त्या कारकुनाच्या बायकोनं मला सांगितलं हुतं, चेअरमन काय बोलला तुला ते. आईच्या गायीपायी बोलती म्हणला. मला लई लागलं. म्हणलं, समद्या गावापुढं एकदा कळू दे, त्या गायीचं मला काय पडलं न्हाई म्हणून. मंग तुला कोन काय म्हननार?"

"आणि गाय?"

"गाय इकली असती. आले असते तुज्याकडं, बसले असते रस्ता बघत." तिने माझ्या ताटलीकडे बघितलं. "खा की. अजून हाय."